पंचवीस विड्यांचा कट्टा

लाइट गेली होती. सोलापुरातल्या आमच्या भद्रावती पेठेत लाइट जाते तेव्हा आधी आवाज जातो आणि मग अंधार कळतो. गल्लीतले सगळे माग एका दमात गप्प झाले, कानांत नुसती त्यांची गुणगुण उरली, आणि शेजारच्या अव्वांची नात वही घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसली. "काकू, आकडे घ्या ना माझे. उद्या टेस्ट आहे." पोरगी नर्सिंग झालीय आणि सध्या जर्मन शिकतेय. मी मोबाइलच्या उजेडात वही धरून विचारायला लागले. बारा आलं, सतरा आलं, वीस आलं. "पंचवीस?" "त्स्वान्त्सिश-उंड-फ्युन्फ." मी म्हटलं, उलटं झालं गं, आधी पाच आणि मग वीस, फ्युन्फ-उंड-त्स्वान्त्सिश. अगं सोपं आहे, मराठीत विचार कर की. पंच, वीस. आपलं आणि त्यांचं सेम आहे. हे मी मोठ्या ऐटीत सांगितलं. हा माझा ठेवणीतला मुद्दा आहे, आजवर चारपाच जणांना तरी ऐकवलेला. पोरगी थोडा वेळ वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पण काकू, मी मराठीत मोजत नाही ना."

"मग?"

"आमच्यात मोजतात तसं. इरवै ऐदु."

तेलुगूत, वीस पाच. तेवढ्यात लाइट आली, माग पुन्हा खडखडायला लागले आणि पुढचं बोलणं त्यात बुडालं. ती आकडे उरकून घरी गेली. मी मात्र भाकरी थापताना, दूध तापवताना, रात्री पडल्यावरसुद्धा त्याच दोन शब्दांभोवती फिरत राहिले. ही पोरगी माझ्यासमोर रांगली. मराठी माध्यमात शिकली. तिच्या मराठी निबंधांना मी शाबासकी दिली, तिची वेलांटी सुधारली. आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत आहे, तीसुद्धा सामाईक. अठ्ठावीस वर्षं त्या भिंतीपलीकडून मोजण्याचा आवाज येतोय आणि तो कुठल्या भाषेत येतोय हे मला ठाऊक नव्हतं. खरं तर ऐकलेलं होतं, रोजच ऐकलेलं होतं. मागांच्या आवाजासारखंच ते कानांनी बाजूला ठेवून दिलं होतं.

त्याआधी दोन महिन्यांपूर्वी तिने मला विचारलं होतं, "काकू, तुम्हाला जर्मन येतं ना, काहीतरी टिप्स द्या." मी रात्री बसून तिला भलामोठा मेसेज पाठवला. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा फुकटातला कोर्स, ज्यात विमानतळावर बॅग हरवलेला निको नावाचा पोरगा पदोपदी अडत जर्मन शिकतो. त्यांच्याच साइटवरच्या मुद्दाम हळू वाचलेल्या बातम्या. गोएथे इन्स्टिट्यूटची ए-वनची, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची, शब्दयादी, साधारण साडेसहाशे शब्दांची. शब्दांची पुन्हा पुन्हा उजळणी करून घेणारं अंकी नावाचं अ‍ॅप. प्रत्येक नाम त्याच्या डेअर, डी, डाससकटच, म्हणजे आपल्या तो, ती, तेसकटच पाठ कर, नंतर चिकटवता येत नाही. जमेल तितकं मोठ्याने वाच. बरोबरच होतं सगळं. तिने अंगठा पाठवला. असला मेसेज पाठवल्यावर आपण एखादं मोठं काम केलं असं वाटून छान झोप लागते. मलाही लागली होती.

मी स्वतः जर्मन शिकले ते टॉवेलमुळे. माझं माहेर बार्शीचं. लग्न होऊन सोलापुरात आले आणि १९९६ साली अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात एक्स्पोर्टची कागदपत्रं बघायला लागले. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, सर्टिफिकेट. माल हँबर्गला जायचा. त्यांचा पत्रव्यवहार इंग्रजीत चाले, पण लेबलं आणि पेटीवरचा मजकूर जर्मनमध्ये असे, आणि त्यात एक अक्षर चुकलं की फॅक्सवर फॅक्स. म्हणून मी आधी शब्द शिकले, भाषा नंतर. हांटटूख म्हणजे टॉवेल: हांट म्हणजे हात, टूख म्हणजे कापड. गेस्टेटूख, पाहुण्यांचा छोटा नॅपकिन. वाशलाप्पन, तोंड पुसायचा चौकोनी तुकडा. पुढे कळलं की जर्मन माणूस भित्र्या, लेच्यापेच्या माणसाला हाच शब्द वापरतो, आणि मी पेटीपेटीवर बारा बारा डझन वाशलाप्पन मोजून पाठवत होते. त्यांच्याकडे मागाला वेबश्टूल म्हणतात, म्हणजे विणायची खुर्ची. ताण्याला म्हणतात केटं, साखळी. बाण्याला म्हणतात शुस, म्हणजे गोळी सुटावी तसा झटका. धोटा या काठाहून त्या काठाला कसा सुसाटतो हे ज्याने बघितलंय त्याला हा शब्द पाठ करावा लागत नाही.

रेडिओ नंतर आला. घरात यजमानांचा जुना मर्फी होता. रात्री सगळं आवरलं की मी शॉर्टवेव्हवर काटा फिरवत बसायची. खरखर, मध्येच अरबी, मध्येच कुणीतरी गातंय, आणि अचानक स्वच्छ जर्मन. पहिल्या आठवड्यात मला एकच ओळखीचा शब्द सापडला: झेंडुंग. आमच्या कागदांवर झेंडुंग म्हणजे रवाना केलेला माल. बाई दर थोड्या वेळाने झेंडुंगबद्दल बोलत होती. मला वाटलं, कुठलीतरी मोठी कन्साइनमेंट अडकलेली दिसते. झेंडुंग म्हणजे रेडिओचा कार्यक्रमही, हे महिन्याभराने डिक्शनरीत दिसलं तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात हसले. आपल्याकडेही 'प्रक्षेपण' म्हणजे फेकणंच ना.

त्याच डिक्शनरीवर मान मोडत असताना हळूहळू एक गोष्ट लक्षात यायला लागली, ती मला कुठल्याच इंग्रजी पुस्तकात भेटली नव्हती. जर्मन शिकायला इंग्रजीच्या दारातून गेलं की उंबरठा उंच लागतो, मराठीच्या दारातून गेलं तर बराच कमी. इंग्रजी पुस्तकं लिंगावर पानंच्या पानं खर्च करतात. आपल्याकडे तो, ती, ते आहेच की. खुर्ची ती का आणि टेबल ते का, हे आपण तरी कुठे कुणाला सांगू शकतो? मुलगी नपुंसकलिंगी, डास मेड्शन, म्हणून इंग्रजी शिकलेली माणसं डोक्याला हात लावतात. आपण पोरगं, लेकरू सरसकट 'ते'मध्ये टाकून मोकळे होतो. 'मिअर इस्ट काल्ट', मला थंडी वाजतेय; 'डास गेफेल्ट मिअर', ते मला आवडतं. आवडणारी वस्तू पुढे, आपण 'मला'च्या मागे उभे. बालवाडीला ते किंडरगार्टन म्हणतात, दोन्हीकडे मुलांची बाग. हातमोज्याला ते हांटशू म्हणतात, हातातला बूट. आपण मोज्यावर थांबलो, ते बुटापर्यंत गेले इतकाच फरक. आणि तो त्यांचा झेड, ज्यावर हिंदीवाले अडखळतात, तो आपला चुलीतला च. चहातला नव्हे, चुलीतला. चाक, चूल, चांगला म्हणणाऱ्या माणसाला त्साइट आणि त्सिमर म्हणायला काहीच कष्ट पडत नाहीत. हल्ली सात रस्त्याकडे वगैरे जे क्लास निघालेत त्यातले बरेच इंग्रजीतून जर्मन शिकवतात. मराठी शाळेतली पोरं त्यात दोन भाषांशी एकदम झुंजतात आणि 'आपल्याला भाषा जमत नाहीत' असं ठरवून बाहेर पडतात, याचा मला आजही राग येतो.

म्हणजे माझा मुद्दा चुकीचा नव्हता. फक्त मी तो चुकीच्या दाराशी उभी राहून सांगत होते.

कारण पोरीकडे मराठीचं दार होतंच, शिवाय घरचं वेगळं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिला 'मिअर इस्ट काल्ट' समजावायला गेले तर म्हणाली, "हे कळलं काकू, आमच्यात पण 'नाकु' असतं, मला." झेडचंही तसंच. मी चुलीतल्या चचं कौतुक सुरू करणार तोच म्हणाली, "हा आमच्यात पण आहे. अव्वा 'चालु' म्हणते ना, तो." आणि डास मेड्शन ऐकून तर तिला काहीच वाटलं नव्हतं. तेलुगूत एकवचनात पुरुषाचं क्रियापद वेगळं आणि बाकी सगळ्यांचं वेगळं. बाई आली, म्हैस आली, बस आली, सगळ्यांना एकच 'वच्चिंदि'.

हे ऐकलं आणि मला एकदम अव्वांचं 'सून आलं' आठवलं. मी इथे नवीन असताना अव्वा मराठीत बोलायच्या, 'माझं सून आलं, पाणी भरलं, गेलं.' गल्लीतल्या आम्ही चार मराठी बायका तोंडाला पदर लावून हसायचो. पूर्व भागातलं, म्हणजे या तेलुगू वस्तीतलं मराठी हा सोलापुरात चेष्टेचा हक्काचा विषय आहे. गॅदरिंगला नकला होतात, त्यांच्यासमोर होतात आणि तेही हसतात. त्या चुकीमागे एक आख्खं व्याकरण शिस्तीत उभं आहे हे कुणाला माहीत असतं? मी त्याच वर्षांत हँबर्गच्या एका खरेदीदार बाईंशी फोनवर डेअर, डी, डासचा चिवडा करत होते. 'तो पेटी', 'ती टॉवेल' असंच ऐकू जात असणार त्यांना. त्या कधी हसल्या नाहीत. किंवा फोन ठेवून हसत असतील, कुणी बघितलंय.

आकड्यांचं तर सगळीकडेच भांडण आहे. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' असंही म्हणा असं आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. मीसुद्धा तावातावाने बोलले होते, मराठीचा खून वगैरे. जर्मनीतही वीसनंतर एक म्हणा, त्स्वान्त्सिशआइन्स, असा आग्रह धरणारी एक संस्था २००४ पासून आहे. नॉर्वेने तर १९५१ साली सरकारी पातळीवर क्रम फिरवून टाकला. या सगळ्या वादात माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या तोंडात घरी 'वीस एक'च आहे आणि शाळेत गेल्यावर त्यांना ते उलटवावं लागतं. पहिलीत. कुणी टिप्स न देता.

अव्वा विड्या वळायच्या. मी आले तेव्हापासून बघतेय. दुपारी जेवणं झाली की दारात बसायचं, मांडीवर सूप. भिजवलेलं तेंदूचं पान, त्यावर पत्र्याचा साचा, कात्री, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, टोक मुडपलं, दोरा. बोटांकडे लक्षसुद्धा नसायचं. पंचवीस झाल्या की एक कट्टा. चाळीस कट्टे म्हणजे हजार. ओठ हलत राहायचे. मला वाटायचं जप करतात. तंबाखूचा तो उग्र, किंचित गोड वास आणि पलीकडून येणारा सुताच्या खळीचा आंबूस वास, या दोन वासांत मी सोलापूरची झाले. मी कामावरून आले की अव्वा मान वर न करता विचारायच्या, "तिन्नावा?" जेवलीस का. मी म्हणायची, "तिन्ना." जेवले. संध्याकाळी सहाला कोण जेवतं? पण विचारायचं ते हेच, आणि सांगायचं तेही हेच. हँबर्गच्या बाई दुपारी फोन ठेवताना 'माल्त्साइट' म्हणायच्या, शब्दशः जेवणवेळ, ते मला आतून ओळखीचं वाटलं ते अव्वांमुळे असणार.

एवढीच माझी तेलुगू. तिन्नावा, तिन्ना. नवरात्रात बायका फुलांची बतुकम्मा रचून फेर धरायच्या, मला ओढून घ्यायच्या, मी टाळ्या वाजवत प्रत्येक ओळीनंतर 'उय्यालो' म्हणायची. उय्यालो म्हणजे झोका, हे परवा कळलं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा मी दरवर्षी दारात पाण्याचा हंडा घेऊन उभी राहिलेय. प्रेम होतं, देवाणघेवाण होती, वाटीभर आमटी भिंतीवरून इकडेतिकडे जायची. भाषेची गरज पडली नाही, कारण त्यांनी माझी शिकून घेतली होती. मोडकी का असेना.

आणि एक 'चालु'. पहिल्या उन्हाळ्यात अव्वा घरी आल्या, मी ताक ओतायला लागले. पेल्यात चार बोटं ताक आलं तशा त्या म्हणाल्या, "चालु." मी ओतत राहिले. "चालु, चालु!" मी म्हटलं काय हौस आहे बाईला ताकाची, आणखी ओतलं, ताक पेल्यावरून लुगड्यावर. तेलुगूत चालु म्हणजे पुरे. नंतर कितीतरी वर्षं गल्लीत कुणी जास्त वाढायला लागलं की तिसरंच कुणीतरी 'चालु, चालु' ओरडायचं.

मध्यंतरी बँकेच्या कामाला भैय्या चौकाकडे गेले होते, तेव्हा डॉ. कोटणीसांच्या घरावरून जाणं झालं. तिथे आता स्मारक आहे. शाळेपासून ती गोष्ट आपल्याला पाठ असते, त्यामुळे आपण तिच्याकडे बघत नाही. त्या दिवशी बघितलं. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले. कोटणीस चिनी बोलायला, वाचायला, लिहायला शिकले, तिथल्या पोरांना वैद्यक शिकवलं, तिथेच लग्न केलं आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या ३२ व्या वर्षी गेले. मुलाचं नाव यिनहुआ: यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. वहीतल्या शब्दांच्या जोडीसारखं नाव. मला मात्र त्यांचे पहिले पंधरा दिवस डोळ्यांसमोर येत राहिले. जखमी माणूस समोर, आणि 'कुठे दुखतंय' एवढंही विचारता येत नाही. पहिलं वाक्य तेच शिकले असतील असं आपलं मला वाटतं. पुढे त्याचं उत्तर कळायला लागणं हे त्याहून अवघड. आमची पोरगी म्हणते, क्लासमध्येही ते वाक्य लवकर घेतलं: 'वो हाबन झी श्मेर्त्सन?' २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला तेव्हापासून आमच्याकडे जर्मनीची हवा आहे. पण नर्स म्हणून तिथे मान्यता मिळवायची तर साधारण बी-टूपर्यंत, म्हणजे ए-वनच्या तीन पातळ्या वर जावं लागतं, आणि ती सध्या ए-वनच्या आकड्यांत अडकलीय. आणि समजा पोचली. तिथले म्हातारे काही निकोच्या कोर्सातलं जर्मन बोलणार नाहीत, आपापल्या गावचं बोलणार. मी हे तिला सांगितलं नाही अजून.

हे मला सुचलं तेही अव्वांमुळेच. गेल्या दिवाळीपासून अव्वांचं मराठी जायला लागलंय. आधी एकेक शब्द गेला, चादर, चावी, सोमवार. मग वाक्यं. वयामुळे विसरायला होतं तेव्हा नंतर शिकलेलं आधी जातं, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे माझ्याशी बोलायला म्हणून जे जमवलं होतं ते आधी. विड्या तर केव्हाच सुटल्या, बोटं वाकडी झालीत. सून कामाला जाते, पोरगी क्लासला, तेव्हा दुपारी मी त्यांच्याजवळ बसते. त्या मला काहीतरी सांगतात, बराच वेळ, हातवारे करून, मध्येच हसून. मी मान हलवते. रेडिओच्या खरखरीत जर्मन शब्द शोधत बसणारी बाई मी, आणि इथे समोरासमोर, सगळं स्वच्छ ऐकू येत असताना, मला 'झेंडुंग'एवढाही आधार नाही.

मग मी पोरीला म्हटलं, तू मला आकडे शिकव, मी तुझे घेते. तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. शेजारी माझ्या अक्षरात आइन्स, त्स्वाय, द्राय, फिअर. लिंका नाहीत, अ‍ॅप नाही. मी भांडी घासताना म्हणते. एनिमिदि, तोम्मिदि. अकरा ते एकोणीसमध्ये अजून घसरते, पदिहेनु आणि पदहारु यांची मला भांडणं लावता येत नाहीत, दोघं एकच वाटतात. पोरगी हसते. हसू दे.

परवा दुपारी अव्वा भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर रिकामं सूप. ते त्यांना लागतंच. मी शेंगा सोलायला घेतल्या होत्या, मूठभर त्यांच्या सुपात टाकल्या. त्यांनी एक शेंग उचलून बाजूला ठेवली. मग दुसरी. ओठ हलायला लागले. मी त्यांच्याबरोबर मोठ्याने सुरू केलं. ओकटि, रेंडु. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण वेग माझ्यासाठी थोडा कमी केला, त्या बातम्यांसारखा. पदिहेनुला मी चुकले, त्यांनी शेंग हातातच धरून ठेवली, मी सुधारल्यावर खाली ठेवली. इरवै ओकटि. इरवै रेंडु. इरवै ऐदु झालं तशी त्यांनी पंचवीस शेंगा दोन्ही तळव्यांत गोळा केल्या, दोरा गुंडाळावा तशी बोटं फिरवली आणि माझ्या परातीत ठेवल्या.

"चालु," अव्वा म्हणाल्या.

आता यातलं कुठलं चालु, तेलुगूतलं की मराठीतलं, ते मला कळलं नाही. मी पुढची मूठ सुपात टाकली.